केबल कंपनीतला हिचकॉक

इंजिनिअरिंगला आलेला माणूस पुढे काय होईल याचा नेम नाही! रहस्यपटांचा बादशहा आल्फ्रेड हिचकॉक हा त्यातलाच एक.

१३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या लेटनस्टोन भागात एका भाजीवाल्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शाळेनंतर तो पॉपलरच्या अभियांत्रिकी शाळेत मेकॅनिक्स, वीज वगैरे विषय शिकला. डिसेंबर १९१४ मध्ये वडील वारले. तेव्हा हा जेमतेम १५ वर्षांचा. हेन्ली नावाच्या केबल कंपनीत त्याने नोकरी धरली. काम काय, तर कुठे किती जाडीची केबल लागेल याचे हिशेब करायचे. कंटाळा यायचाच! पण चित्रकलेचा नाद होता. संध्याकाळी तो त्याच्या वर्गाला जायचा. त्या जोरावर कंपनीच्याच जाहिरात विभागात बदली मिळाली आणि पुढे इस्लिंग्टनच्या स्टुडिओत मूकपटांच्या पाट्या रंगवायचं काम. तिथेच संकलक अल्मा रेव्हिल भेटली. १९२६ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि जन्मभर तीच त्याची सर्वांत कडक परीक्षक राहिली.

१९३५ मध्ये आला 'द थर्टी नाइन स्टेप्स'. जॉन बकनच्या कादंबरीवरचा कटकारस्थानाचा चित्रपट. नायक हॅने याच्या घरात एका बाईचा खून होतो. पोलीस त्याच्या मागे, हेरही मागे! तो स्कॉटलंडला पळतो. पुढे तर त्याच्यावर अजिबात विश्वास नसलेल्या मुलीबरोबर एकाच बेडीत अडकतो. ही मुलगी कादंबरीत नाहीच. आणि हेरांना हवं काय? विमानाच्या आवाज न करणाऱ्या इंजिनाचं गुपित! ते कुठे लपवलंय हे सांगत नाही, पिक्चर बघा.

प्रेक्षकांनी इंग्लंड-अमेरिकेत हा चित्रपट डोक्यावर घेतला. समीक्षकांनीही वेगाचं, विनोदाचं कौतुक केलं. पण सगळे खूश नव्हते. कथेत योगायोग फार, हे पटण्यासारखं नाही, अशी तक्रार होती. तेव्हा समीक्षण लिहिणाऱ्या ग्रॅहम ग्रीनला तर हिचकॉकच्या चित्रपटांतला हा ढिसाळपणा मुळीच खपत नसे. तक्रार खोटी नव्हती. पण हिचकॉकचा हिशेब वेगळा होता. गुपित काय आहे याला त्याच्या लेखी किंमत नव्हती. प्रेक्षकाला शंका काढायला सवड मिळता कामा नये, एवढंच तो बघायचा. केबलऐवजी आता तो माणसाच्या मनावर किती ताण येईल ते मोजत होता!

१९३९ मध्ये तो हॉलिवूडला गेला. दिग्दर्शनासाठी ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण पुरस्कार एकदाही नाही. २९ एप्रिल १९८० रोजी तो वारला. १९९९ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तेव्हा 'थर्टी नाइन स्टेप्स' चौथा आला.

तेव्हा रात्री दोन वाजता शीटची जीटी मारताना वैताग आला, तर त्या केबल कंपनीतल्या पोराला आठवा. शिकलेलं काही वाया जात नाही. फक्त कुठे उपयोगी पडेल हे सिलॅबसमध्ये नसतं!