मोगलीचे जनक : रुडयार्ड किपलिंग

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. दाईकडून गोष्टी ऐकत त्यांचे बालपण आनंदात गेले. परंतु १८७१ मध्ये आईवडिलांनी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये एका परक्या कुटुंबात ठेवले. तेथे सुमारे साडेपाच वर्षे त्यांनी छळ सोसला. १८८२ मध्ये ते भारतात परतले व लाहोरला पत्रकार झाले. पुढे अमेरिकेत लिहिलेले त्यांचे ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साम्राज्यवादाच्या समर्थनामुळे ते टीकेचेही धनी झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. बालपणी मायेला पारख्या झालेल्या या लेखकाने लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीला मात्र बालू अस्वलासारखा गुरू, बगीरासारखा रक्षक आणि हक्काचे घर दिले.