खुंटाला ज्यांचे नाव मिळाले : वॉल्टर स्विंगल

संत्रा, मोसंबीची कलमे घेताना तुम्ही जात विचारता, कलमाची उंची पाहता, डोळा कोणत्या मातृवृक्षाचा याचीही चौकशी करता. खाली खुंट कोणता, हे विचारायचे मात्र अनेकदा राहून जाते. आज ज्या शास्त्रज्ञाची ओळख करून देत आहे, त्यांच्या नावानेच एक खुंट ओळखला जातो : स्विंगल सिट्रुमेलो.

वॉल्टर टेनिसन स्विंगल यांचा जन्म १८७१ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. बालपण कॅन्ससमध्ये गेले, शिक्षणही तिथल्याच कृषी महाविद्यालयात झाले. १८९१ मध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले आणि लवकरच फ्लोरिडातील युस्टिस येथे लिंबूवर्गीय फळझाडांच्या रोगांवर काम करू लागले.

डिसेंबर १८९४ मध्ये फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. पाने, फळे गेली, पण झाडे तगली. जानेवारीत ऊब आली, झाडांत रस चढला, कोवळी फूट निघाली आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये पुन्हा हिमलाट आली. या वेळी झाडे जमिनीपर्यंत जळाली. अनेक बागायतदारांनी गाव सोडले.

थंडी सोसणारे संत्रे तयार करायचे, हे काम स्विंगल आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट वेबर यांनी हाती घेतले. त्यासाठी त्यांनी निवडले त्रिपर्णी संत्रे. मूळ चीनचे, काटेरी, तीन पर्णिकांचे हे झाड हिवाळ्यात पाने गाळून झोपी जाते. फळ मात्र कडू. १८९७ मध्ये गोड संत्र्याशी याचे संकर केले. त्या संकरांना सिट्रेंज म्हणतात. झाडे थंडीत टिकली, पण फळ आंबट आणि तेलकट कडवट निघाले. खाण्याचे फळ म्हणून हा प्रयत्न फसलाच म्हणायचा. पुढे १९०७ मध्ये डंकन ग्रेपफ्रूट आणि त्रिपर्णीचा संकर झाला, तो सिट्रुमेलो. १९०९ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली कॅलिफोर्नियात वॉशिंग्टन नेव्हल संत्र्याचा संकर झाला. त्यातून ट्रॉयर आणि कॅरिझो हे सिट्रेंज मिळाले.

हा माणूस एका पिकात रमणारा नव्हता. अंजिराचे परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी त्यांनी कॅलिफोर्नियात आणली. १९२७ मध्ये मोरोक्कोतून मेडजूल खजुराचे ११ फुटवे आणले. लिंबूवर्गीय झाडांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही अभ्यासले जाते.

खाण्यासाठी नाकारलेल्या या संकरांची खरी किंमत मुळांत होती. ट्रिस्टेझा विषाणूने आंबट संत्र्याच्या खुंटावरील लाखो झाडे मारली, तेव्हा ट्रॉयर आणि कॅरिझो कामाला आले. सिट्रुमेलो ट्रिस्टेझा, फायटोफ्थोरा मूळकूज आणि लिंबूवर्गीय सूत्रकृमी या तिन्हींना चांगला तोंड देतो. १९७४ मध्ये तो स्विंगल यांच्या नावाने प्रसारित झाला. ते १९५२ मध्येच वारले होते.

आता तुमच्या फळाचा आणि खुंटाचा संबंध पाहा. कलम केल्याने डोळ्याची जनुके बदलत नाहीत. नागपुरी संत्रा नागपुरीच राहतो. पण कोणते जनुक केव्हा आणि किती काम करील, यावर खुंटाचा प्रभाव पडतो. मुळांकडून पाणी, अन्नद्रव्ये आणि संप्रेरके वर येतात, शिवाय आरएनएचे सूक्ष्म तुकडे कलमाचा जोड ओलांडून जातात. त्यामुळे फळातील साखर आणि आम्लाशी संबंधित जनुकांची हालचाल कमी-जास्त होते. जंभेरीचा खुंट पाणी जोरात ओढतो. झाड जोमदार, फळ मोठे, साल जाड, पण रसातील साखर आणि आम्ल दोन्ही विरळ. त्रिपर्णी व त्याच्या संकरांवर झाडाला पाण्याचा किंचित ताण बसतो. तो सोसण्यासाठी फळ रसकोषांत साखर साठवते, म्हणून विद्राव्य घटक वाढतात. ताण आला म्हणून फळातले पाणी नुसते आटते असे नाही, साखर खरोखर जास्त साठते. हा फरक माझ्या मते महत्त्वाचा आहे.

मग सगळीकडे स्विंगल लावावा का? नाही. चुनखडीयुक्त, जास्त सामूच्या जमिनीत त्रिपर्णीचे संकर लोह नीट उचलू शकत नाहीत. शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात आणि झाड खुरटते. फ्लोरिडातल्या चुनखडीच्या जमिनीतही तो अपयशी ठरला. विदर्भातल्या अनेक काळ्या जमिनींत चुनखडी आहे. म्हणून खुंट ठरवण्याआधी माती परीक्षणात सामू आणि मुक्त चुन्याचे प्रमाण तपासून घ्या, तेही वरच्या थराबरोबर खालच्या थराचे, कारण खालचा चुनखडीचा थर मुळे तिथे पोहोचल्यावरच झाडावर दिसतो.