विठ्ठल नागेश शिरोडकर

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (जन्म : शिरोडा, गोवा, २७ एप्रिल १८९९, मृत्यू : ७ मार्च १९७१) हे भारतीय स्त्रीरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ व शल्यविशारद होते. वारंवार होणारा गर्भपात रोखण्यासाठी त्यांनी शोधलेली गर्भाशयमुखाची शस्त्रक्रिया जगभर ‘शिरोडकर टाका’ या नावाने ओळखली जाते. स्त्रियांच्या वंध्यत्वावरील शस्त्रक्रियांतही त्यांनी महत्त्वाचे काम केले.

जीवन

शिरोडकर यांचे शालेय शिक्षण हुबळी येथे झाले. पुढील शिक्षण पुण्यात घेऊन त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १९२३ साली ते एम.बी.बी.एस. झाले आणि १९२७ साली त्यांनी प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयांत एम.डी. पदवी मिळवली. त्यानंतर ते इंग्लंडला गेले व १९३१ साली एफ.आर.सी.एस. झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत व्यवसाय केला. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापकही होते.

शिरोडकर टाका

अपत्य न होण्याचा दोष त्या काळी समाज सर्रास स्त्रीच्या माथी मारत असे. वास्तविक वंध्यत्वाची कारणे स्त्री आणि पुरुष या दोघांतही असू शकतात. पुरुषांत शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असणे, शुक्रवाहिनीत अडथळा असणे ही कारणे आढळतात. स्त्रियांत बीजांड वेळेवर परिपक्व न होणे, अंडवाहिनी बंद असणे, गर्भाशयाचे अस्तर अन्यत्र वाढणे ही कारणे दिसतात. याखेरीज स्त्रियांचा आणखी एक वर्ग होता. त्यांना गर्भधारणा होई, पण चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान प्रत्येक वेळी गर्भ पडून जाई. वैद्यकीय दृष्ट्या या स्त्रिया वंध्य नसल्या, तरी त्यांची कूस रिकामीच राही.

अशा काही स्त्रियांत विश्रांती व औषधे निरुपयोगी ठरतात, असे शिरोडकर यांना दिसून आले. त्यांच्या मते मूळ दोष गर्भाशयमुखाच्या दुर्बलतेत होता. गर्भाचे वजन वाढू लागले की हे मुख कळा न येताच उघडते. अमेरिकेत लॅश यांनी १९५० साली गर्भधारणेपूर्वी करावयाची दुरुस्तीची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. शिरोडकर यांनी गर्भ पोटात असतानाच शस्त्रक्रिया करण्याचे धाडस केले. योनिमार्गाच्या बाजूने श्लेष्मल पडदा छेदून व मूत्राशय वर सारून त्यांनी गर्भाशयमुखाच्या आतील द्वाराच्या पातळीवर पट्टी बांधली. या पट्टीसाठी आरंभी ते रुग्णेच्याच मांडीतील बळकट स्नायुवेष्टन वापरत. मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

१९५७ साली ऑस्ट्रेलियातील इयन मॅक्डोनल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा ओढून घेण्याचा सोपा टाका मांडला. करण्यास व काढण्यास सुलभ असल्याने आज तो अधिक प्रचलित आहे. टाका अधिक वरच्या पातळीवर घालणे आवश्यक असते, तेव्हा शिरोडकर पद्धत उपयोगी पडते. गर्भाशयमुखाची दुर्बलता हेच गर्भपाताचे कारण असेल, तरच या टाक्याचा उपयोग होतो. गर्भातील गुणसूत्रांचे दोष किंवा जंतुसंसर्ग यांवर तो उपाय नाही.

अन्य कार्य

बंद पडलेल्या अंडवाहिन्या शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्याच्या क्षेत्रातही शिरोडकर यांनी दीर्घकाळ काम केले. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे अंडवाहिन्या निकामी होण्याचे एक प्रमुख कारण आहे. वाहिनी शस्त्रक्रियेने उघडली तरी तिचे आतील अस्तर नष्ट झालेले असल्यास गर्भधारणेची शक्यता फार कमी राहते. बाह्य फलनाची सोय त्या काळी नसल्याने अशा स्त्रियांना शस्त्रक्रियेवाचून दुसरा मार्ग नव्हता. बाह्य फलनाने जगातील पहिले मूल १९७८ साली, म्हणजे शिरोडकर यांच्या निधनानंतर सात वर्षांनी जन्मले.

अंग बाहेर येण्याच्या विकारावरही त्यांनी शस्त्रक्रिया शोधली. तरुण रुग्णेचे गर्भाशय न काढता पट्टीच्या आधाराने ते वर उचलून धरण्याची ही पद्धत होती. त्यामुळे पुढे अपत्यप्राप्तीची शक्यता कायम राहत असे.

ग्रंथ व सन्मान

शिरोडकर यांचा ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टु ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’ हा इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. भारत सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण देऊन गौरवले. प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आजही त्यांच्या टाक्यासह शिकवले जाते.