आधीचे आठवणारी अक्षरे

मुलांनो, छापा-काटा करताना ओळीने पाच वेळा छापा पडला, तर आता काटाच पडणार असे वाटते ना? पण नाण्याला मागचे काही आठवत नाही. त्याची प्रत्येक फेक स्वतंत्र असते. हवेचे तसे नाही. आज आभाळ भरून आले तर उद्या पावसाची शक्यता वाढते. उद्याची हवा आजच्या हवेवर अवलंबून असते. अशा अवलंबून असण्याचे गणित मांडणारे आंद्रेई मार्कोव्ह यांची ही ओळख.

मार्कोव्ह यांचा जन्म १८५६ साली रशियातील रियाझान येथे झाला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे लहानपणी ते कुबड्या घेऊन चालत. शाळेत इतर विषयांत बेताचे, पण गणितात हुशार! पुढे सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात चेबिशेव्ह या थोर गणितज्ञांकडे ते शिकले आणि तेथेच प्राध्यापक झाले.

नाणे हजारो वेळा उडवले तर छापा जवळजवळ निम्म्या वेळा पडतो. हा बर्नुली यांचा नियम १७१३ साली प्रसिद्ध झाला होता. मॉस्कोचे गणितज्ञ नेक्रासोव्ह यांनी १९०२ साली असे मांडले की, हा नियम लागू होण्यासाठी घटना स्वतंत्रच हव्यात. मार्कोव्ह यांना ते पटले नाही. १९०६ साली त्यांनी घटनांची एक साखळी मांडली. तिच्यात प्रत्येक कडी फक्त आधीच्या कडीवर अवलंबून होती. तरीही सरासरी स्थिरावते, हे त्यांनी सिद्ध केले.

१९१३ साली त्यांनी पुश्किनच्या ‘यूजीन ओनेगिन’ या काव्यातली २०,००० अक्षरे हाताने मोजली. त्यांत सुमारे ४३ टक्के स्वर होते. पण स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण फक्त १३ टक्के, आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे ६६ टक्के! म्हणजे प्रत्येक अक्षर आधीच्या अक्षरावर अवलंबून होते.

स्वतः मार्कोव्ह मात्र कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिले नाहीत. १९०२ साली झारच्या नाराजीमुळे लेखक गॉर्की यांची अकादमीवरील निवड रद्द झाली, तेव्हा त्यांनी उघड निषेध केला. १९१३ साली देशभर राजघराण्याची ३०० वर्षे साजरी होत होती. मार्कोव्ह यांनी बर्नुलींच्या नियमाची २०० वर्षे साजरी केली! १९२२ साली त्यांचे निधन झाले.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, तेथे ही साखळी वारंवार भेटते. १९९८ साली गूगलने इंटरनेटवरील पानांचा क्रम लावला, तोही याच गणितावर.

आता करून पाहा. प्रत्येकाने धड्यातली १०० अक्षरे घ्यावीत. शेकडा किती अक्षरांना काना आहे, ते मोजा. मग काना असलेल्या अक्षरांपैकी शेकडा किती अक्षरांच्या पुढच्या अक्षरालाही काना आहे, ते पाहा. पुढच्या शनिवारी सगळ्या वर्गाची बेरीज करू. दोन आकड्यांत बराच फरक पडला, तर समजा की मराठी अक्षरांनाही आधीचे आठवते!