डॉ. भाऊ दाजी लाड आणि महारोगावरील गुप्त औषध

गोमंतकाच्या भूमीत जन्म घेऊन मुंबईत नावलौकिक मिळविलेल्या एकोणिसाव्या शतकातील कर्त्या पुरुषांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्थान फार वरचे आहे. प्राच्यविद्येचे अभ्यासक, लोकपुढारी, स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची कीर्ती आपल्याकडील बहुतेक घरांतून परिचित असते. त्यामानाने वैद्य म्हणून त्यांनी केलेले कार्य, विशेषतः महारोगावरील त्यांचे संशोधन आणि त्यातून उद्भवलेला वाद, फारसा सांगितला जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच बाजूकडे अधिक लक्ष देण्याचे योजिले आहे.

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. भाऊ हे घरगुती नाव आणि दाजी हे वडिलांचे. या जोडीनेच ते जगाला ठाऊक झाले. त्यांचा जन्म पेडणे महालातील मांद्रे या गावी १८२२ साली झाला (काही चरित्रकार १८२४ हे वर्ष देतात). घरची स्थिती बेताची होती. बालवयातच ते मुंबईस आले. बुद्धिबळात या मुलाची विलक्षण गती पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकविण्याचा सल्ला वडिलांना दिला, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. पुढे ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. बालकन्याहत्येच्या दुष्ट रूढीवर लिहिलेल्या निबंधाबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले होते.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हाती असलेली शिक्षकाची नोकरी सोडून भाऊंनी तेथे नाव घातले आणि १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. शवविच्छेदन करून शरीर शिकावयाचे, औषधाचे गुण रुग्णालयातील नोंदींवरून ठरवावयाचे, अशी ही नवी विद्या होती. तिच्याबरोबरच भाऊंनी संस्कृतातील वैद्यकग्रंथांचेही वाचन चालविले. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींची स्तुती केली आहे, त्यांचे गुण खरोखर कितपत आहेत हे पारखून पाहावे, ही त्यांची इच्छा होती. थोड्याच वर्षांत त्यांचा व्यवसाय मुंबईत भरभराटीस आला. बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच कॉलेजचे पदवीधर. दोघा बंधूंनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला.

त्या काळी महारोग, म्हणजे आज ज्यास आपण कुष्ठरोग म्हणतो तो, असाध्य समजला जाई. रोग्याला घराबाहेर, पुष्कळदा गावाबाहेरही काढीत. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ आहे असे आपल्याकडे मानीत, तर युरोपातील पंडित तो आनुवंशिक आहे असे म्हणत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो संसर्गजन्य नाही असाच निर्वाळा दिला होता. रोगाचे कारणच ठाऊक नाही, मग उपाय कोठून सापडावा? अशा वेळी १८६० नंतरच्या दशकात भाऊ दाजी महारोगावर उपचार करू लागले आणि त्यांच्या औषधाने रोग्यांस गुण येतो अशी वार्ता सर्वत्र पसरली.

हे औषध म्हणजे आपल्याच मातीतील एका वृक्षाच्या बियांचे तेल होते. कोकणात या झाडास कडू कवठ अथवा कवटी म्हणतात, खष्ट या नावानेही ते ओळखले जाते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे, आणि हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या तीरावर होतात असाही तेथे उल्लेख आहे. तुवरक म्हणजे हेच झाड, असे वनस्पतींचे जाणकार मानतात. पूर्व भारतातील त्याचे भाईबंद म्हणजे चौलमुग्रा. त्याच्या तेलाची माहिती कलकत्त्याच्या डॉ. मौआट यांनी १८५४ साली इंग्रजी वैद्यकापुढे मांडली होती. तेव्हा भाऊंनी केलेली निवड वाऱ्यावरची नव्हती. ग्रंथाधार, देशी परंपरा आणि स्वतःचा अनुभव अशा तीन बाजूंनी तिला आधार होता.

परंतु भाऊंनी हे औषध कोणते ते सांगितले नाही. ते गुप्त ठेवले.

येथेच वादास तोंड फुटले. आपल्याकडील वैद्यघराण्यांत औषध गुप्त ठेवणे हा दोष मानीत नसत. पाठ बापाकडून मुलाकडे जाई, आणि तो बाहेर फोडल्यास त्याचा गुण जातो अशीही समजूत असे. नव्या वैद्यकाची नीती मात्र याच्या अगदी उलट होती. मँचेस्टरचे डॉ. पर्सिव्हल यांनी १८०३ साली वैद्यकीय नीतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात डॉक्टराने गुप्त औषध वापरणे निषिद्ध ठरविले आहे. १८४७ साली अमेरिकेतील वैद्यकसंघाने आपल्या नियमावलीत तेच तत्त्व घातले. औषध गुणकारी असेल तर ते दडविणे निर्दयपणाचे, आणि नसेल तर ते मिरविणे फसवणुकीचे, अशी त्यामागील विचारसरणी होती. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पदवीधरांना हीच शिस्त शिकविलेली. साहजिकच सहव्यवसायी डॉक्टरांकडून भाऊंवर टीका झाली, आणि ती सर्वस्वी मत्सरातून झाली असे म्हणता येणार नाही.

महारोगाच्या बाबतीत तर गुप्ततेची हानी अधिकच. हा रोग वर्षानुवर्षे सावकाश चालतो. गाठी कधी आपोआप बसतात, कधी पुन्हा उठतात. त्यामुळे चार रोग्यांस उतार पडला तो औषधाने की रोगाच्या स्वभावाने, हे एकट्या डॉक्टराला ठरविता येत नाही. तेच औषध दुसऱ्याने, तिसऱ्याने, दुसऱ्या गावी देऊन पाहिले पाहिजे. नाव न सांगितलेल्या औषधाची अशी परीक्षा कोण करणार? चौलमुग्राच्या तेलाशी त्याची तुलनाही त्यामुळे राहून गेली.

भाऊंनी असे का केले असावे? पैशाचा लोभ हे कारण मनाला पटत नाही, कारण गरिबांस फुकट औषध देणारा हा मनुष्य होता. १८६५ साली मुंबईचा शेअरबाजार कोसळला तेव्हा त्यांचे मोठे नुकसान झाले हे खरे, तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. देशी औषधाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या गोऱ्या डॉक्टरांच्या हाती ते अपुऱ्या सिद्धतेने पडले तर हसण्यावारी जाईल, अशी धास्ती त्यांस असणे शक्य आहे. हा आमचा तर्क. मात्र विस्मय वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. विद्येच्या इतर क्षेत्रांत भाऊंनी कधी काही लपविले नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी वाचून प्रसिद्ध केले, कालिदासाच्या कालावर निबंध वाचला, आर्यभट, वराहमिहिर, भास्कराचार्य आदी ज्योतिषांच्या कालनिर्णयावर १८६५ साली लेख छापला. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींना हाताशी धरून त्यांनी ठिकठिकाणच्या शिलालेखांच्या नकला करविल्या. शिलालेखाचे एक अक्षर चुकीचे वाचले गेले तर दुसऱ्या पंडिताने ते सुधारावे, हा मार्ग त्यांना पूर्ण मान्य होता.

वैद्यकीय नीतीचा आणखी एक अवघड प्रसंग त्यांच्या वाट्यास आला होता, तो १८६२ सालच्या महाराज लायबल केसमध्ये. पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर जदुनाथजी महाराजांनी बेअब्रूची फिर्याद केली. तीत प्रतिवादीच्या बाजूने भाऊ दाजींची साक्ष झाली. काही महाराजांवर आपण गुप्तरोगाचे उपचार केले आहेत असे त्यांनी न्यायासनासमोर सांगितले. रोग्याने विश्वासाने सांगितलेले डॉक्टराने उघड करावे काय? अठराव्या शतकापासून इंग्रजी कायद्याने न्यायालयात डॉक्टराला मौनाचा हक्क दिलेला नव्हता, तेव्हा शपथेवर विचारले असता उत्तर देणे त्यांस भाग होते. तरीही धनाढ्य आणि वजनदार मंडळींचा रोष पत्करून खरे सांगण्यास धैर्य लागते. रोग्याचे गुपित सांगावे लागलेला हा डॉक्टर पुढे औषधाचे गुपित मात्र सांगू शकला नाही, हा योगायोग चमत्कारिक खरा.

महारोगाचे कारण सापडले तेही भाऊंच्या हयातीतच. २८ फेब्रुवारी १८७३ रोजी नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांना रोग्याच्या गाठीतील द्रवात सूक्ष्म दंडाकृती जंतू दिसले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. कार्टर त्याच वर्षी नॉर्वेस जाऊन त्यांना भेटले. याच हान्सेनांनी १८७९ साली एका स्त्रीरोग्याच्या डोळ्यात तिच्या संमतीवाचून रोगद्रव्य टोचले. १८८० साली न्यायालयाने त्यांस रुग्णालयातील पदावरून दूर केले. एकाच रोगाच्या दोन संशोधकांपैकी एकाचे चुकले ते बोलण्यात, दुसऱ्याचे विचारण्यात.

कार्टर बर्गेनला गेले त्याच वर्षी भाऊंना अर्धांगाचा झटका आला आणि ते अंथरुणास खिळले. ३१ मे १८७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस, विद्यापीठाच्या मूळ फेलोंपैकी एक, १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ, एवढे मान त्यांना मिळाले होते. त्यांचा हस्तलिखितसंग्रह एशियाटिक सोसायटीकडे गेला. ज्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीसाठी ते झटले, त्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियमला १९७५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

औषधाचे गुपित त्यांच्या मागे फार काळ राहिले नाही. ते कडू कवठीचे तेल होते ही गोष्ट पुढे औषधिशास्त्राच्या ग्रंथांतून नमूद झाली. तोंडाने घेतल्यास या तेलाने मळमळ व वांत्या होत, म्हणून रोगी कंटाळून ते सोडीत. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांतील अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चौलमुग्रा तेलापासून टोचता येईल असे द्रव्य तयार केले, आणि १९४० नंतरच्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे येईपर्यंत जगभरच्या महारोग्यांस तोच आधार होता. १९८१ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धती आली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. कडू कवठीची झाडे मात्र आपल्या कोकण-गोव्याच्या रानांतून ओढ्यांच्या काठी अजूनही आढळतात.