ससून म्हणजे नुसतं हॉस्पिटल नव्हे!

आमच्या जतकडं दुखणं वाढलं की माणूस आधी सांगली-मिरज गाठतो. तिथंही भागलं नाही आणि हात तंगीत असला, की कुणीतरी म्हणतंच, ससूनला न्या. मीही हा शब्द लहानपणापासून ऐकत आलोय. पण मित्रांनो, ससून हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि तो माणूस बगदादहून जीव वाचवून आलेला निर्वासित होता, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, बगदादमधला. धर्मानं ज्यू. वडील पाशाचे खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचे पुढारी. म्हणजे घरात मान होता, पैसा होता. पण दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा छळ सुरू झाला आणि या घराण्यावर देश सोडायची वेळ आली. इराणच्या बुशहर बंदरात काही काळ काढून डेव्हिड ससून १८३२ मध्ये कुटुंबासह मुंबईला आले. वय चाळीस! या वयात माणूस स्थिरस्थावर झालेला असतो, यांनी नव्यानं पेढी मांडली. इंग्रजी त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व मिळालं, तेव्हा सही केली ती हिब्रूत.

कापूस, कापड, अफू असा व्यापार वाढत गेला. आठ मुलगे होते. एलियास हा मुलगा १८४४ मध्ये चीनला गेला आणि पेढी समुद्रापार पसरली. कामाला माणसं लागली, तेव्हा ससून यांनी बगदादकडची ज्यू पोरं बोलावून घेतली.

इथं आपण होस्टेलवाल्यांनी जरा थांबावं. परक्या शहरात उतरलेल्या पोराला काय लागतं? खोली, जेवण, चार ओळखीचे चेहरे. ज्यू पोराला याहून जास्त लागायचं. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही. मांस धर्माच्या रीतीनं कापलेलंच चालतं. मुलांना हिब्रू शिकवणारा गुरुजी हवा, आणि मेल्यावर आपल्या रीतीनं पुरायला जागा हवी. यातलं एक जरी नसलं तरी दोन पिढ्यांत समाज विरघळून जातो. ससून यांच्या पेढीनं या पोरांना नोकरी दिलीच, शिवाय शिक्षणाची आणि धर्माचरणाची सोयही पाहिली. भायखळ्याला १८६१ मध्ये मागेन डेव्हिड हे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, त्यांच्याच पैशातून उभं राहिलं. त्या काळात मुंबईत या बगदादी मंडळींचं स्वतःचं वर्तमानपत्रही निघायचं, भाषा अरबी आणि लिपी हिब्रू!

दानाला हिब्रूत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. मिळकतीचा दहावा हिस्सा बाजूला काढायचा, हा त्यांच्याकडचा जुना संकेत. देणारा उपकार करत नाही, देणं फेडतो, अशी ती समजूत. आणि ससून यांचं देणं आपल्या समाजापाशी थांबलं नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुंबईच्या काळा घोडा भागातली डेव्हिड ससून लायब्ररी मुळात मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. टांकसाळ आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये ती सुरू केली, यंत्रांची मॉडेल्स पाहावीत, व्याख्यानं ऐकावीत म्हणून. तिच्यासाठी ससून यांनी साठ हजार रुपये दिले. इमारत १८७० मध्ये पुरी झाली. गुन्ह्यात सापडलेल्या पोरांना धंदा शिकवणारी शाळाही त्यांच्या नावानं सुरू झाली. पुण्याचं हॉस्पिटल उभं राहिलं १८६७ मध्ये. ते मात्र त्यांनी पाहिलं नाही. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं.

इथवर सगळं गोड आहे. पण या पैशातला मोठा वाटा अफूचा होता. हिंदुस्थानात पिकलेली अफू चीनला जायची आणि तिथली घरंच्या घरं बुडायची. त्या काळी ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात हा धंदा कायदेशीर होता आणि मुंबईतले इतर बडे व्यापारीही त्यात होते, हे खरं. पण कायद्यात बसलं म्हणून व्यसनी माणसाच्या बायकापोरांचं पोट भरत नाही. दुसरी गोष्ट घरातली. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्रायल, म्हणजेच शनिवार तेली, हेही ज्यूच. पण बगदादी मंडळींनी त्यांना बरोबरीनं वागवलं नाही. स्वतः छळ सोसून आलेल्यांनी असं करावं, हे वाचून मला वाईट वाटलं. हॉस्पिटलच्या खाटा मोजताना या दोन गोष्टीही मोजल्या पाहिजेत, नाहीतर आपण चरित्र नाही, आरती लिहितोय.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. १९४८ नंतर ज्यू कुटुंबं इस्रायल, इंग्लंडकडं निघून गेली. बगदादी ज्यू तर मुंबईत नावापुरते उरले. पण मागेन डेव्हिडच्या आवारात त्यांच्या घराण्याच्या, नातू जेकब ससून यांच्या नावाची शाळा अजून भरते. ज्यू मुलांसाठी काढलेल्या त्या शाळेच्या बाकांवर आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. ज्यांच्यासाठी केलं ते गेले, पण शाळा कुणी बंद केली नाही. दान पक्कं कशाला म्हणायचं, तर मला वाटतं याला.

पुढच्या वेळी पुण्याला गेलात तर कॅम्पातलं लाल देऊळ बाहेरून तरी बघा. नाव देऊळ, पण आहे ते ज्यूंचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, मनोऱ्यावर घड्याळ. ससून यांनीच ते बांधायला घेतलं, १८६७ मध्ये पुरं झालं, आणि त्यांची कबर त्याच आवारात आहे. दवाखान्याच्या रांगेत त्यांचं नाव रोज हजार वेळा घेतलं जातं. तो माणूस मात्र तिथं शांत झोपलाय.