निरोगी हास्याचे धनी : आचार्य अत्रे

हसण्याने आरोग्य सुधारते, हे आता डॉक्टरही सांगतात. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली हास्यसंघांची चळवळ जगभर पोहोचली आहे. पण मराठी माणसाला चारचौघांत मनमुराद हसायला लावण्याचे काम त्याच्या कितीतरी आधी एका शिक्षकाने केले होते. ते म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे.

पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोढीत येथे १३ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. शिक्षणशास्त्राची पदविका घेण्यासाठी ते लंडनलाही जाऊन आले. 'केशवकुमार' या नावाने त्यांनी लिहिलेल्या 'झेंडूची फुले' या विडंबन कवितांनी १९२५ मध्ये तत्कालीन कवींच्या कृत्रिम भाषेची रेवडी उडवली.

त्यांची खरी ओळख घडली ती रंगभूमीवर. गडकरी १९१९ मध्ये निवर्तले होते. १९३२ मध्ये मराठी बोलपट अवतरला आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. अशा काळात, १९३३ मध्ये, अत्र्यांचे 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आले. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला होता. नाटकातल्या रावबहादुरांना मात्र प्रत्येक दुखण्यावर नमस्कार हाच एक उपाय दिसतो. अत्र्यांचा रोख व्यायामावर नव्हता, तर आरोग्यामागे लागून माणूसपण विसरणाऱ्या हट्टावर होता. पुढे 'ब्रह्मचारी' या १९३८ च्या चित्रपटातही त्यांनी अशाच एका कडक व्रताची फजिती दाखवली. प्रेक्षक पोट धरधरून हसले. कारण त्या वेडात त्यांना आपलेच घर दिसत होते.

या हसण्याचा शरीराला होणारा लाभ आज अभ्यासकांनी नोंदवला आहे. मनमोकळ्या हास्याने श्वास खोल जातो, पोटाच्या व छातीच्या स्नायूंना चालना मिळते, मनावरचा ताण हलका होतो आणि वेदना सोसण्याची शक्ती काही काळ वाढते. माणूस एकट्यापेक्षा सोबतीत कितीतरी अधिक हसतो. हास्य औषधोपचाराची जागा घेऊ शकत नाही. पण एकटेपणाचा भार ते निश्चित कमी करते. अत्र्यांचे विनोद भरलेल्या नाट्यगृहात आणि मैदानावरच्या सभेत खुलत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याची प्रचीती आली. १९५६ मध्ये त्यांनी 'मराठा' दैनिक सुरू केले. गोळीबारात माणसे गमावलेल्या, संतप्त जनसमुदायाला त्यांच्या भाषणांनी हसवले आणि उभेही ठेवले. त्यांची टीका कधी कधी मर्यादा ओलांडून व्यक्तिगत होई. ज्याच्यावर ती होई, त्याला त्या हास्याने आरोग्य लाभले नसणार. विनोदाचे हे दुसरे टोकही त्यांच्या चरित्रातून शिकावे लागते.

त्याच लेखणीने दुःखही जाणले होते. त्यांच्या 'श्यामची आई' या चित्रपटाने महाराष्ट्राला रडवले आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'साष्टांग नमस्कार' वाचताना आजही हसू आवरत नाही. व्यायामाची आणि आहाराची नवनवी वेडे घेऊन बसलेल्या आजच्या घरांनी ते एकदा तरी एकत्र बसून वाचावे.